दहा पांढऱ्या बरण्या आणि पुस्तकातला दोन रकान्यांचा तक्ता

पार्श्वभूमी

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं ज्युनियर कॉलेज. नाव देत नाही, माणसांचीही नावं देत नाही, त्याने प्रकरणात काही फरक पडत नाही. केमिस्ट्रीला एकच मॅडम, आणि लॅब असिस्टंट म्हणून एक मामा, म्हणजे सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं. मी शेजारच्या तालुक्यात तोच विषय शिकवतो, मॅडमची आणि माझी ओळख बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षांमधली, त्यामुळे अडलं नडलं की फोन होतो.

लॅबला लागून स्टोअररूम आहे, तिची एक भिंत पावसाळ्यात कायम ओल धरते. रसायनांचं कपाट नेमकं त्याच भिंतीला. जुन्या बरण्यांची लेबलं कागदी, आणि ती चिकटवलेली खळीने, म्हणजे मैद्याच्या. कसरीला तर ते पंचपक्वान्नच. ओलीने शाई पसरली, उरलेलं कसरीने खाल्लं, आणि गणपतीनंतर कपाट उघडलं तेव्हा मधल्या फळीवरच्या दहा बरण्या बिननावाच्या निघाल्या. सगळ्यांत पांढरं काहीतरी. काहींत खडे, काहींत भुकटी, एकात गठ्ठा झालेला.

अडचण नेमकी काय होती

बिननावाचं रसायन वापरायचं नसतं हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण बारावीचं प्रॅक्टिकल काही महिन्यांवर, परमँगनेटच्या टायट्रेशनला (थेंबाथेंबाने मोजून द्रावणाची तीव्रता काढायला) ऑक्झॅलिक आम्ल पाहिजे, सॉल्ट अॅनालिसिसला (अज्ञात क्षार ओळखायच्या प्रयोगाला) क्लोराइडं पाहिजेत, आणि नवीन खरेदीचा कागद ऑफिसातून कधी हलेल ते देवाला माहीत.

मामांनी कन्झ्युमेबल रजिस्टर काढलं. त्यात पांढरे घन पदार्थ नऊ: सोडियम क्लोराइड, बेरियम क्लोराइड, अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, मॅग्नेशियम ऑक्साइड, सिलिका, साखर, युरिया, बेन्झोइक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल. बरण्या दहा. मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मॅडमचा सूर "एक साखरेची जादा असेल" असा होता. मला मात्र खरी अडचण तिथेच दिसत होती, कारण यादी पुरी असेल तर काम कोडं सोडवण्यासारखं असतं, नऊ नावं नऊ जागी बसवायची. यादीबाहेरचं एक जरी आत आलं तरी कुठल्याच बरणीबद्दल "उरलं ते हेच" असं म्हणता येत नाही.

दुसरं म्हणजे यादीतली दोन नावं विषारी. बेरियम क्लोराइड पाण्यात विरघळतं आणि पोटात गेलं तर हृदयावर जातं. ऑक्झॅलिक आम्लही पोटात जायची वस्तू नाही. दिसायला दोन्ही खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी. तेव्हा "जरा जिभेला लावून बघू, मीठ असेल तर कळेलच" हा जो विचार प्रत्येकाच्या मनात एकदा येऊन जातो तो तिथेच बंद केला.

कोणते पर्याय होते

मामांचा पहिला प्रस्ताव सरळ होता: "मॅडम, सगळं एका गोणीत भरू आणि खाडीत सोडून देऊ." हसण्यावारी गेलं खरं पण असं घडतं, खूप ठिकाणी घडतं. लॅबच्या सिंकमधून गेलेलं पाणी मागच्या शोषखड्ड्यात जातं आणि तिथून हाकेच्या अंतरावर विहीर आहे, एवढं बोलल्यावर तो विषय संपला.

दुसरा पर्याय बाहेरच्या टेस्टिंग लॅबला नमुने पाठवायचा. दहा नमुन्यांचा खर्च बरण्यांतल्या मालाच्या किमतीच्या कितीतरी वर गेला असता, आणि अज्ञात पावडर कुरियरवाला घेईल का हा वेगळाच प्रश्न.

तिसरा, मामांची आठवण. ते वीसेक वर्षं तिथे आहेत, "डावीकडून तिसरी मीठ, तिच्यामागे बेरियम, कडेची बहुतेक नवसागर" असं धडाधड सांगत होते. पण भिंत गळायला लागल्यावर बरण्या एकदा हलवून परत लावल्या होत्या, कोणी लावल्या ते कोणालाच आठवेना. मॅडमनी इथे चांगला निर्णय घेतला असं मला वाटतं. मामांची सगळी नावं एका कागदावर लिहून घेतली, कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि तपासणी होईपर्यंत तो बघायचा नाही असं ठरवलं. आधीच नाव डोक्यात असलं की माणूस तेच बघायला लागतो.

चौथा पर्याय स्वतः तपासायचं. आणि त्यात एक उपप्रश्न होता, अकरावीच्या मुलांना बरोबर घ्यायचं का. बाँडिंगचा, म्हणजे अणू एकमेकांना कसे धरून राहतात त्याचा, धडा नुकताच झालेला, मॅडमना मोह होत होता, जिवंत उदाहरण समोर आलंय म्हणून. मी नको म्हटलं. दहावी बरणी काय आहे ते माहीत नसताना मुलांच्या हातात परीक्षानळ्या द्यायच्या नाहीत. त्यांना ते लगेच पटलं.

काय केलं

बरण्यांना एक ते दहा नंबर दिले, मार्करने थेट काचेवर. रविवारी सकाळी आम्ही तिघं, गॉगल, ग्लोव्हज. फ्यूम कपबोर्ड, म्हणजे वायू बाहेर ओढून टाकणारं कपाट, त्या लॅबमध्ये नाही, म्हणून तापवायचं सगळं काम बाहेरच्या व्हरांड्यात वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, आणि प्रत्येक वेळी फक्त चिमूटभर माल.

मॅडमनी पुस्तकातला तक्ता समोर ठेवला होता, तोच जो सगळ्यांनी पाठ केलेला असतो. डावीकडे आयनिक, म्हणजे धन आणि ऋण प्रभाराच्या कणांचे (आयनांचे) बनलेले: द्रवणांक, म्हणजे वितळायचं तापमान, जास्त, पाण्यात विरघळतात, द्रावणातून वीज वाहते. उजवीकडे कोव्हॅलंट, म्हणजे सहसंयुज, अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले: द्रवणांक कमी, पाण्यात विरघळत नाहीत, वीज वाहत नाही. म्हणजे तीन चाचण्या, दोन ढीग, मग ढिगातल्या ढिगात शोध. कागदावर फार सोपं दिसत होतं.

पहिली चाचणी तापवायची. चार बरण्यांना काहीच झालं नाही असं म्हणता येईल. एक जरा तडतडली, एकीतून नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमले पण घन तसाच राहिला, दोन ढिम्म. चार लगेच वितळल्या, त्यातली एक पिवळी, मग तपकिरी, मग काळी होत फुगली आणि कॅरॅमलचा वास आला, तिला पुढे काही विचारायची गरजच नव्हती, साखर. एक बरणी वितळलीच नाही, सरळ नाहीशी झाली, खालून पांढरा धूर आणि वर काचेवर पांढरं कडं.

आणि सात नंबर. ती आधी फटाफट तडतडली, आम्हाला वाटलं मीठच, आणि मग नळीत तपकिरी वायू दिसायला लागला. मॅडमनी बर्नर बंद केला, नळी स्टँडवर तशीच ठेवून आम्ही लॅबमध्ये आलो. तो रंग नायट्रोजन डायऑक्साइडचा, केमिस्ट्रीवाला माणूस तो ओळखतोच. रजिस्टरातल्या नऊ नावांत एकही नायट्रेट नाही. दहावी बरणी सापडली होती, आणि ती साखर नव्हती.

इथे थांबायचं का हा पहिला खरा निर्णय होता. मी म्हटलं सात नंबर बाजूला, तिला बाकीच्यांत मिसळायचं नाही, बाकीच्या नऊ पुढे नेऊ. सरसकट तापवणं मात्र तिथेच थांबवलं.

दुसरी चाचणी विरघळण्याची, पाच मिलीलीटर पाण्यात चिमूटभर. तीन बरण्या विरघळल्या नाहीत, बाकी सगळ्या विरघळल्या. दोन नळ्या हाताला गारेगार लागल्या.

तिसरी विजेची. नऊ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, मध्ये रेझिस्टर, आणि जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या. इथे मजा झाली, दिवा सगळ्याच नळ्यांत लागला, साखरेतसुद्धा. मामांनी बोअरचं पाणी घेतलं होतं. बोअरच्या पाण्यात क्षार आधीच असतात, दिवा त्यांच्यावर लागत होता. माझ्याकडून नेलेल्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधून परत सगळं केलं, आणि आधी नुसत्या पाण्यात कांड्या बुडवून दिवा लागत नाही ना ते बघितलं. आता पाच नळ्यांत दिवा लखलखीत, बाकीच्यांत काही नाही. सात नंबरची द्रावणं तेवढी मॅडमनी स्वतः वेगळ्या नळीत, वेगळ्या कांड्या घेऊन केली, त्या पाचांत तीही होती.

कुठे अडलं

तिन्ही चाचण्यांचे ढीग टेबलावर मांडले आणि मॅडम बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. कारण तीन ढीग तीन वेगळे. तापवून जी बरणी कोव्हॅलंटमध्ये गेली ती विजेने आयनिकमध्ये. जी द्रवणांकाने आयनिक ती विरघळण्याने कोव्हॅलंट. "मग तक्ता चुकीचा आहे का?" असं त्यांनी विचारलं. तक्ता चुकीचा नाही, पण तो ज्या पदार्थांवरून बनवलाय ते ठरलेले आहेत, मीठ एका बाजूला आणि मेण, नॅप्थलीन दुसऱ्या बाजूला. दोन टोकं घेतली की मधलं सगळं सरळ रेषेत वाटतं. आमच्या फळीवर मधलेच पदार्थ जास्त होते.

एकेक घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, काही सोपे होते.

तापवून ढिम्म राहिलेल्या दोन भुकट्या, दोन्ही पाण्यात न विरघळणाऱ्या. यादीवरून उमेदवार दोनच, सिलिका आणि मॅग्नेशियम ऑक्साइड. एक पक्की कोव्हॅलंट, एक पक्की आयनिक, आणि आमच्या तिन्ही चाचण्यांत दोघींचं उत्तर अक्षरशः सारखं! मला ही जोडी फार आवडते, कारण अख्खा तक्ता इथे गुडघे टेकतो. सिलिकात रेणू असा नसतोच. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना धरून, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना धरून, असं जाळं कणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वितळवायचं तर खरे सहसंयुज बंधच तोडावे लागतात, मोलमागे साधारण 450 किलोज्यूलचे, म्हणून द्रवणांक 1700 अंश सेल्सिअसच्या आसपास. साखरेचं किंवा बेन्झोइक आम्लाचं तसं नाही. ते म्हणजे बुंदीचा लाडू, लाडू फोडला तरी बुंदी फुटत नाही. वितळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणूच्या आतले बंध जागच्या जागी. म्हणजे "कोव्हॅलंटचा द्रवणांक कमी" हे वाक्य बंध कमकुवत असल्याचं सांगतच नाही, ते रेणूरेणूंमधली ओढ कमकुवत असल्याचं सांगतं. हे वाक्य वर्गात जसं बोललं जातं त्यावरून निम्मी मुलं कोव्हॅलंट बंध लेचापेचा असतो असं समजून बाहेर पडतात.

आणि मॅग्नेशियम ऑक्साइड आयनिक असून विरघळत का नाही? सोडियम क्लोराइडमध्ये एक धन आणि एक ऋण प्रभार एकमेकांना धरतात, इथे दोन आणि दोन, शिवाय आयन लहान, त्यामुळे जालक ऊर्जा, म्हणजे आयन एकमेकांपासून सोडवायला लागणारी ऊर्जा, जवळजवळ पाचपट. सोडियम क्लोराइड 801 अंशांना वितळतं, हे 2800 च्याही वर. पाण्याचे रेणू आयनांना ओढून बाहेर काढतात तेव्हा त्यांना जी ऊर्जा मिळते ती इथे पुरत नाही.

दोघी वेगळ्या केल्या त्या फिनॉल्फथॅलीनने, अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाने. दोन्ही नळ्या हलवून प्रत्येकीत दोन थेंब टाकले, एक तशीच राहिली, दुसरीत तळाशी बसलेल्या भुकटीभोवती फिकट गुलाबी छटा आली, नळी तिरकी करून पांढऱ्या कागदासमोर धरली तरच दिसेल इतकी फिकट. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं, गुलाबीवाली विरघळली, दुसरी नाही. विरघळताना थोडे बुडबुडे आले तेव्हा मॅडम दचकल्या, हे कार्बोनेट तर नाही? जुना मॅग्नेशियम ऑक्साइड उघड्या झाकणाखाली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, वरवर थोडं कार्बोनेट होतंच. खरं कार्बोनेट असतं तर नळी फसफसून वर आली असती.

नाहीशी झालेली बरणी नवसागर असणार हा अंदाज होताच, पण तो पुरावा नव्हे. ती परत चिमूटभर तापवली आणि नळीच्या तोंडाशी ओले लिटमस धरले. आधी लाल लिटमस निळा झाला, थोड्या वेळाने निळा लाल. अमोनिया हलका, मोलर वस्तुमान 17, तो आधी वर पोचतो, हायड्रोजन क्लोराइड 36.5 चा, मागून येतो, आणि वर थंड काचेवर दोघं परत भेटून पांढरं कडं धरतात. म्हणजे हा पदार्थ वितळून उडाला नाही, तो मोडला आणि परत जुळला. अमोनियम आणि क्लोराइड आयनांमध्ये आयनिक बंध, अमोनियमच्या आत नायट्रोजन-हायड्रोजनचे सहसंयुज, त्यातला एक नायट्रोजनने एकट्याने जोडी देऊन केलेला कोऑर्डिनेट. एका पदार्थात तीन तऱ्हा, आणि आपण विचारतोय तो कुठल्या रकान्यात. उष्णतेने प्रोटॉन अमोनियमकडून क्लोराइडकडे गेला की आयनच उरत नाहीत, त्यामुळे उच्च द्रवणांकापर्यंत जायची वेळच येत नाही.

मामांनी मध्येच एक शॉर्टकट सुचवला, कॉस्टिक सोड्याबरोबर गरम करा, अमोनियाचा वास आला की नवसागर. सॉल्ट अॅनालिसिस बघून बघून त्यांना ते पाठ झालंय. करून बघितलं तर दोन बरण्यांतून अमोनिया आला. दुसरी युरिया, गरम अल्कलीत तोही मोडून अमोनिया देतो, जरा उशिरा पण देतो. आणि विरघळताना हाताला गार लागलेल्या दोन नळ्या त्याही याच. म्हणजे गारवा सारखा, वास सारखा, दोन्ही पाण्यात भरपूर विरघळणारे. इथे वाचवलं ते एलईडीने. युरिया लिटरमागे किलोभर विरघळतो पण रेणू म्हणूनच, पाण्याशी हायड्रोजन बंध करून, आयन होत नाहीत, दिवा नाही. नवसागर विरघळला की आयन मोकळे, दिवा लख्ख.

युरिया पक्का करायला मॅडम म्हणाल्या गावातून खताचा युरिया आणू, तुलना करू. पण 2015 पासून खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, शुद्ध नमुना म्हणून तो कामाचा नाही. माझ्या कॉलेजमधला शुद्ध युरिया मी दुसऱ्या दिवशी पाठवला. केशनळीत भरून लिक्विड पॅराफिनमध्ये द्रवणांक काढला, 132 च्या आसपास, मग माझा आणि त्यांचा नमुना मिसळून परत काढला, तरी तोच. पदार्थ वेगळे असते तर मिश्रण खूप आधी वितळायला लागलं असतं. बेन्झोइक आम्लालाही हेच केलं, 122. तिथे आणखी एक सुंदर खूण मिळते: थंड पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम, पण उकळत्या पाण्यात विरघळतं, आणि नळी बाजूला ठेवली की निवता निवता चकचकीत पातळ पत्र्या तरंगायला लागतात, उन्हात धरलं तर लुकलुकतात. मामांनी आयुष्यभर हे प्रयोग मांडून दिले पण थांबून बघितलं पहिल्यांदाच, असं ते स्वतःच म्हणाले.

ऑक्झॅलिक आम्लाने मात्र मॅडमना सगळ्यात जास्त छळलं. वितळणारा, म्हणून कोव्हॅलंट. दिवा लावणारा, म्हणून आयनिक. त्यांनी त्याला सोडियम क्लोराइडच्या शेजारी ठेवलं होतं. इथे समजून घ्यायची गोष्ट ही की चाचणी बरणीतल्या घनाबद्दल बोलत नाही, पाण्यात जे झालं त्याबद्दल बोलते. बरणीत ऑक्झॅलिक आम्लाचे रेणूच असतात, पाण्याशी गाठ पडल्यावर ते प्रोटॉन पाण्याला देतात आणि आयन तिथे तयार होतात. मिठात ते आधीपासून असतात, पाणी फक्त सोडवतं. दिव्याला हा फरक कळत नाही. खायचा सोडा टाकल्यावर फसफसलं, गरम आम्लधर्मी परमँगनेटचा जांभळा रंग गेला, काम झालं. नाहीतर जी बरणी परीक्षेला सगळ्यात जास्त लागणार होती तीच मिठाच्या नावाखाली फळीवर गेली असती.

उरली सोडियम क्लोराइड आणि बेरियम क्लोराइड. ज्योतीत एकीने सोनेरी पिवळा, दुसरीने पोपटी हिरवा रंग दिला, आणि हिरवीच्या द्रावणात सौम्य सल्फ्युरिक आम्ल टाकल्याबरोबर दाट पांढरा साका. ते बेरियम सल्फेट, तेही आयनिकच, पण लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या वर विरघळत नाही, म्हणून एक्स-रेच्या आधी पेशंटला पाजतात तरी बाधत नाही. तोच बेरियम क्लोराइडच्या रूपात विष.

सात नंबर

एवढं झाल्यावर प्रश्न आला की सात नंबरचं काय. माझं मत होतं सील करा आणि विसरा. मॅडमचं म्हणणं, विसरायचं तरी काय आहे ते माहीत पाहिजे, नाहीतर उद्या मी बदलून गेले की पुढचा माणूस परत इथेच उभा राहणार. त्यांचं बरोबर होतं.

तिच्या विरळ द्रावणातही सल्फ्युरिक आम्लाने पांढरा साका आला. म्हणजे दहावी बरणी यादीतच आहे असं आम्ही धरून चाललो असतो तर साक्यावरून हीसुद्धा बेरियम म्हणून गेली असती. मग पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब, आणि नळी हळदीपेक्षा पिवळी. लेड आयोडाइड. बरणीत लेड नायट्रेट होतं, शिसं, आणि तेही विरघळणारं. तापवल्यावर जे तपकिरी निघालं ते नायट्रेटच्या आतले नायट्रोजन-ऑक्सिजन बंध तुटून, म्हणजे इथेही आयनिक जालक वितळायच्या आधी आयनाच्या पोटातले कोव्हॅलंट बंधच आधी गेले.

मामांना मग आठवलं की फार पूर्वी गावातली दुसरी एक लॅब बंद झाली तेव्हा काही बरण्या इकडे आल्या होत्या, रजिस्टरात चढवायच्या राहिल्या. त्यानंतर मॅडमनी ड्रॉवरमधला कागद काढला. मामांची बरीचशी नावं बरोबर निघाली, खरंच कौतुक वाटलं. पण सात नंबरच्या पुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं "बहुतेक नवसागर".

निकाल

नऊ बरण्यांना नावं मिळाली आणि त्या वापरात आल्या, फक्त गुणात्मक कामासाठी, म्हणजे पदार्थ ओळखायच्या प्रयोगांसाठी. टायट्रेशनला प्रमाण (नेमक्या तीव्रतेचं) द्रावण करायला मात्र ऑक्झॅलिक आम्लाची नवी सीलबंद बाटली मागवली, कारण नाव कळलं म्हणजे शुद्धता कळली असं होत नाही, आणि एका बाटलीचा कागद ऑफिसातून हलला एकदाचा. बेरियमची धुवणं सोडियम सल्फेट घालून साका करून वेगळी ठेवली. शिशाची वेगळ्या बाटलीत.

मुलांना मॅडमनी नंतर वेगळा तास दिला: मीठ, साखर, धुतलेली वाळू, मेण आणि लिंबूफूल (सायट्रिक आम्ल), माहितीतले आणि निरुपद्रवी पाच, पण नावं न सांगता. अट एकच, वही बंद. दिवा, पाणी आणि मेणबत्तीची ज्योत एवढ्यावर गटाने ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला कारण लिहा. लिंबूफुलावर वर्ग दुभंगला, निम्मे आयनिक म्हणत अडून बसले. एका मुलीने विचारलं, कोरड्या लिंबूफुलात कांड्या खुपसल्या तर दिवा लागेल का? मॅडमनी करायला लावलं. लागला नाही. मग ती म्हणाली, पण कोरड्या मिठातही लागत नाही, मग यावरून काय ठरलं? मॅडमनी रात्री मला फोन करून हे सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं सरळ उत्तर त्या लॅबमध्ये देता येत नाही. दोन्ही वितळवून वितळलेल्यात कांड्या बुडवायला पाहिजेत, आणि 801 अंश काचेच्या नळीत साध्या बर्नरवर सुरक्षितपणे गाठता येत नाहीत, लिंबूफूल नीट वितळून राहत नाही, मोडतं. तिला तसंच सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

चाचण्यांचा क्रम उलटा ठेवायला हवा होता. पाणी आणि वीज आधी, तापवणं सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त जिथे त्याशिवाय निकाल लागत नाही तिथे. अज्ञात पदार्थ सरसकट तापवणं म्हणजे तो काय वायू सोडेल त्यावर पैज लावणं. चिमूटभर माल, व्हरांडा आणि वारा यामुळे निभावलं. पुस्तकात द्रवणांक पहिला लिहिलेला असतो म्हणून आम्ही तिथून सुरुवात केली, दुसरं काही कारण नव्हतं.

रजिस्टर आणि कपाट यांची मोजणी जुळत नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्याच वेळी मामांना "बाहेरून कधी काही आलं होतं का" एवढा एक प्रश्न विचारला असता तर ते आधीच आठवलं असतं असं मला वाटतं. मॅडम म्हणतात नसतं आठवलं. असो.

मुलांना न घेण्याचा निर्णय मी परत तसाच घेईन. काही सहकाऱ्यांना हे पटलेलं नाही, त्यांच्या मते बारावीची मुलं सॉल्ट अॅनालिसिसमध्ये अज्ञातच तर हाताळतात. पण ते अज्ञात मुलांना असतं, मास्तरला नसतं.

लेबलं आता पेन्सिलने लिहितात, ग्रॅफाइट ओलीने पसरत नाही, वरून रुंद पारदर्शक टेप, आणि काचेवर नंबर वेगळा, म्हणजे लेबल गेलं तरी नंबरवरून रजिस्टर सापडतं. कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं. लेड नायट्रेटची बरणी दोन पिशव्यांत बांधून, डब्यात घालून, वर नाव आणि धोक्याची खूण लावून कुलपात आहे. घातक कचरा रीतसर घेणारी सोय तळोज्याला आहे पण एका बरणीसाठी तिथवर कागद आणि गाडी कोण करणार यावर ऑफिसचा पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि तालुक्यातल्या बाकी कॉलेजांकडेही असलं काही पडून असेल तर एकत्र पाठवू म्हणून मॅडमनी सगळ्यांना यादी मागितली आहे. आतापर्यंत दोघांनी पाठवली.